उलटा शनिवार

मी मोठ्यानं बोलते. शाळेत नोकरीला लागले तेव्हा शिक्षकखोलीतल्या बाया म्हणायच्या, "सुनंदाबाई, आम्ही इथंच बसलोय हो, कल्याणला नाही." त्यांना काय सांगणार? निजामपुऱ्याच्या मागच्या गल्लीत ज्याचा जन्म गेला त्याला हळू बोलता येत नाही. आमच्या भिंतीला भिंत लावून लूम होते, कापडाचे यंत्रमाग, समोर लूम होते, वर पत्र्याखालीही चार लूम कोंबलेले होते. खटखट, खटखट, दिवसभर. ताटात भाकरी वाढ म्हणायचं तरी ओरडावं लागे. बाहेरगावचा पाहुणा आला की घाबरायचा, यांच्या घरात भांडण चाललंय की काय! बाबा एसटीच्या डेपोतून दमून आले की आई त्यांना ओरडून विचारायची, चहा टाकू का, आणि ते हातानंच हो म्हणायचे. फक्त शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी गल्ली इतकी गप्प व्हायची की शेजारच्या नजमाखालाच्या घरात पातेल्यावर झाकण ठेवलं तरी आमच्याकडे कळायचं. आणि आम्ही मात्र सवयीनं तशीच बोंब मारत बोलायचो. मग खाला दारातून म्हणायची, "अरे बेटी, आज जुम्मा है, आहिस्ता!" आणि सगळ्याच हसायच्या.

आई घरी कांडी भरायची. लूमच्या धोट्यात जी सुताची छोटी नळी बसते ती कांडी. गल्लीतले बहुतेक लूम ज्याचे होते त्या शेठच्या कारखान्यातून सूत यायचं, आई मशीनवर बसून कांड्या भरायची, आणि भरलेल्या पाट्या माणूस येऊन घेऊन जायचा. तिच्या केसात, भुवईत, पोळपाटावरसुद्धा सुताचा भुगा असे. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, रविवारी मिळालं तर मटण, हे आमचं खाणं. भाकरीच्या घासात कधी धागा लागला तर आई म्हणायची, "गिळ, पोटात साडी विणून होईल." तिला अक्षर येत नव्हतं. सही यायची, तीही बाबांनी लग्नानंतर शिकवलेली. पण अर्ज, पत्र, रेशनकार्डावरचं नाव, कसलाही कागद आला की ती मला हाक मारायची, आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे अशी बघायची की मला उगाच शहाणं झाल्यासारखं वाटायचं. मी दहावीत होते. माझी बहीण निमा आठवीत. निमा हळवी पोर, आवाजात तिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. ती रडकुंडीला यायची. पण गल्लीच्या टोकाला, विहाराच्या मागे, एक खोली होती. आमच्या लोकांनी श्रमदान करून बांधलेली, दोन लांब बाकं, एक ट्यूबलाइट, आणि तिन्ही बाजूंना मोकळी जागा. लूमपासून लांब. तिला आम्ही अभ्यासिका म्हणायचो. निमा तिथं बसली की तिला गणितं सुटत. घरी बसली की न्हाय, अजिबात न्हाय.

मला मराठीच्या निबंधाची भीती नव्हती, उलट माज होता. तो माज चढवला भोईर सरांनी. सर जवळच्या कोन गावचे. सकाळी कुठल्याशा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी धामणकर नाक्यावर, लूमच्या सुट्या भागांचं दुकान होतं त्याच्या माडीवर, दहावीचा क्लास घेत. जिना चढताना ग्रीसचा वास यायचा. खाली रिक्षावाले "कल्याण, कल्याण, एक सीट" ओरडत असायचे आणि वर सर फळ्यावर लिहायचे, 'मान्य करा. मग मोडा.' ही त्यांची पद्धत. समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, त्याला बरं वाटू द्यायचं, आणि मग 'पण' म्हणून एकेक वीट काढायची. व्याकरण ते याच्यातच घुसवत. कर्तरीतलं वाक्य कर्मणीत का फिरवायचं, कुठं दोष माणसाला द्यायचा आणि कुठं तो वाक्यात नुसता लोंबकळत ठेवायचा, स्वल्पविराम देऊन परीक्षकाला कुठं थांबवायचं, हे त्यांच्याइतकं नीट मला पुढे डी.एड.लाही कुणी सांगितलं नाही. वैरी झाले म्हणून काय झालं, शिकवायचे उत्तम. हे कबूल केलंच पाहिजे.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, प्रत्येक निबंधात घरातला एक दाखला हवाच. "परीक्षक काय देव आहे का?" ते म्हणायचे. "तोही माणूस. शंभरावा पेपर तपासतोय, डोळे मिटायला लागलेत. तुमचे मोठमोठे विचार त्याने नव्व्याण्णव वेळा वाचलेत. तुमच्या आईनं काय सांगितलं ते वाचलं नाही. तेवढं लिहा, तो जागा होतो की नाही बघा." दुसरा नियम म्हणजे उलटा शनिवार. एका शनिवारी ज्या बाजूनं निबंध लिहिला, पुढच्या शनिवारी त्याच्या बरोबर उलट बाजूनं लिहायचा. गणवेश हवा, गणवेश नको. दूरदर्शन चांगलं, दूरदर्शन वाईट. पोरं कुरकुर करायची, पण मला त्यात भारी मजा यायची. आपलंच म्हणणं आपणच खोडून काढायचं आणि तेही इतकं पक्कं की सर वही वर धरून म्हणायचे, "ऐका रे, ऐका." वर्गात पस्तीस पोरं, आणि सर माझी वही वाचतायत. मी मान खाली घालून बसायचे, आणि आतून अशी फुगायचे की विचारू नका.

दिवाळीनंतर गल्लीत बातमी आली की शेठ अभ्यासिकेच्या भिंतीला लागून नवी शेड टाकतोय. बारा लूम. मोकळी जागा त्यानं कुणाकडून तरी घेतली होती, आता कचेरीतून परवानगी मिळाली की काम सुरू. बाप्यांनी नुसतीच चर्चा केली. अर्ध्या घरांची रोजीरोटी त्याच शेठकडे, कोण तोंड उघडणार? आईच उठली. तीही त्याच्याच कांड्या भरायची, पण उठली. "निमाला बसायला जागा न्हाय ऱ्हायची," एवढंच म्हणाली. दहा-बारा बाया जमवल्या, नजमाखाला सगळ्यात पुढे, कारण तिचीही नात अभ्यासिकेत बसायची. आमच्या ओट्यावर बसून अर्ज तयार झाला. बाया बोलत होत्या, मी लिहीत होते. "लिख, बेटी, ऐसा लिख कि साहब का दिल पिघल जाए." आई म्हणाली, "दिल बिल ऱ्हाऊ दे. खरं लिही." मी मान्य करून मग मोडलं. उद्योग हवा, आमच्या पोटाला तोच देतो, पण. असा तो अर्ज. खाली अंगठे आणि सह्या. आईनं सही करताना जीभ दातात धरली होती.

दुसऱ्या दिवशी तो अर्ज मी सरांना दाखवायला नेला. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मला मिरवायचं होतं. सरांनी तो दोनदा वाचला, लाल पेननं तीन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलं, एक लांब वाक्य तोडून दोन केली. "झकास," म्हणाले. मग उठून खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "सुनंदा, शनिवारी याचीच उलटी बाजू लिही. शेड व्हावी, या बाजूनं. गल्लीतल्या विद्यार्थिनीच्या तोंडून. बोर्डात असलाच विषय येतो बघ, यंत्र, उद्योग, आवाज. हे तुला जमलं तर तुला कुठलाही निबंध अडणार नाही." आता मला वाटतं, ते खिडकीबाहेर बघत होते तेव्हाच त्यांचं ठरलं असणार. खालचं दुकान शेठचं होतं, माडीही शेठचीच होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं का? होतं. जिन्याच्या तोंडाशी शेठच्या नावाची पाटी होती, रोज त्याखालूनच तर जायचे. पण सर म्हणजे सर. त्यांच्याबद्दल असा विचार करायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

तो निबंध मी शुक्रवारी दुपारी लिहिला. लूम बंद. निमा खालाकडे गेलेली. आई जेवून कांडीच्या मशीनशेजारीच लवंडली होती. पंधरा मिनिटांनी उठून बसली. मी म्हटलं, झोप ना. तर म्हणाली, "न्हाय गो. शुक्रवारचा डोळाच लागत न्हाय. खटखट नसली की चुकल्यावानी होतं." मी हसले. ती पुढे म्हणाली, "पन बरं वाटतं. तू धडा वाचतेस तो ऐकू येतो. इतर दिशी नुसतं तोंड हलताना दिसतं तुझं. तुझा आवाज कसा हाय त्ये मला शुक्रवारीच कळतं." आणि भांडी घासायला गेली.

घरातला दाखला आयताच मिळाला! मी लिहिलं, 'माझी आई कांडी भरते. शुक्रवारी यंत्रे बंद असली की तिचा डोळा लागत नाही. ती म्हणते, खटखट नसली की चुकल्यासारखे होते. ज्या आवाजात माझ्या आईला झोप लागते, त्या आवाजात मला अभ्यास का होणार नाही?' शेवटी प्रश्नचिन्ह. सरांचीच शिकवण, शेवटचं वाक्य प्रश्नाचं ठेवा, उत्तर परीक्षकाला देऊ द्या. आई पुढे जे बोलली होती ते मी लिहिलं नाही. ते माझ्या बाजूला मदत करत नव्हतं. मी ते गाळलं, आणि गाळताना मला काही वाटलंही नाही. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, आज सांगते.

सरांनी निबंध वर्गात वाचला नाही. नुसती वही घेतली, म्हणाले, "हा मी ठेवतो, पुढच्या बॅचला दाखवायला." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बावळट कुठची!

पुढच्या आठवड्यात कचेरीत बोलावलं. साहेब दोन्ही बाजू ऐकणार होते. आईनं ठेवणीतलं पातळ नेसलं, मला शाळेचा गणवेश घालायला लावला, निमालाही घेतलं. अर्ज मीच वाचला, मोठ्यानं, न अडखळता. साहेबांनी मान हलवली. नजमाखालानं मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. मग शेठच्या माणसानं एक कागद पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, गल्लीतल्याच एका मुलीचं म्हणणं आहे. नाव सांगायला ती घाबरते, बायका त्रास देतील म्हणून." कारकून वाचायला लागला. पहिल्याच ओळीला मी पुढे वाकून कागद बघितला. अक्षर माझं नव्हतं, कुणीतरी सुरेख उतरवून काढलं होतं, पण शब्द माझे, विराम माझे, 'पण' माझा. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या, कोण ही अवदसा? आई शांत उभी होती, तिला यातलं अर्धं पुस्तकी मराठी कळत नसावं. मी मनात म्हणत होते, तो दाखला गाळला असू दे, तेवढा गाळला असू दे. सर काय गाळणार? तेच तर त्यातलं सगळ्यात चांगलं होतं. कारकुनानं वाचलं, "माझी आई कांडी भरते. शुक्रवारी यंत्रे बंद असली की तिचा डोळा लागत नाही."

आईनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. कुणीतरी ओळखीचं असेल म्हणून बघावं आणि नसावं, तसं.

साहेब म्हणाले, "ही मुलगी इथं आहे का? तिला स्वतःला विचारलं असतं." मी तोंड उघडायला हवं होतं. साहेब, हा परीक्षेचा निबंध आहे, हा खरा नाही, सरांनी लिहायला लावला, एवढी तीन वाक्यं. मला तर कर्तरी, कर्मणी, सगळे प्रयोग यायचे. मी फरशीकडे बघत राहिले. आईला कळलं होतं, ती बोलली असती तरी चाललं असतं. पण ती बोलली असती तर सगळ्या बायांसमोर मी उघडी पडले असते. ती म्हणाली, "आमच्यात अशी कोन न्हाय, साहेब." आयुष्यात मी तिला खोटं बोलताना तेवढं एकदाच ऐकलं. साहेब म्हणाले, गल्लीतच दोन मतं दिसतायत, मग अडवायचं कशाच्या जोरावर? आणि कागद फाइलीत गेला.

घरी चालत आलो. बाया पुढे तावातावानं बोलत होत्या, खाला कुणाकुणाची नावं घेत होती, "वो ऊपरवाली की लड़की होगी, पक्का." मी तेव्हाही गप्प. खालाच्या घरावर माडीत राहणाऱ्या त्या बाईच्या पोरीशी खाला पुढे वर्षभर बोलली नाही, आणि त्या बिचारीनं काही केलं नव्हतं. आई आमच्या मागून येत होती. दाराशी आल्यावर तिनं कुलूप काढलं, चप्पल काढली, आणि एवढंच म्हणाली, "त्ये मी तुझ्याशी बोलले व्हते. घरात." मग मशीनवर जाऊन बसली.

मी तशीच पळत नाक्यावर गेले. सर एकटेच होते, फळा पुसत होते. मी काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही, रडत होते, हे आठवतं. सर आधी पुस्तकी बोलले. "तुझं नाव दिलं का मी? नाही दिलं. तुझी काळजी घेतली." मी म्हटलं, सर, तुम्ही आमचा अर्ज स्वतः सुधारून दिला होता हो! मग त्यांचा आवाज बदलला, एकदम कोन गावचा झाला. "मंग काय करू? शेठ माडी खाली कर बोललाय. मी पोरं घेऊन रस्त्यावर बसू? तुजी परीक्षा तीन महिन्यांवर हाय." आणि मग जे बोलले ते मी विसरलेले नाही. "आणि त्यात खोटं काय हाय? तुज्या आईनं तसं सांगितलं न्हाय का?"

सांगितलं होतं. अर्धं. उरलेलं अर्धं मीच गाळलं होतं, आणि त्याची खबर सरांनाही नव्हती. माझा विश्वासघात त्यांनी केला, आईचा मी केला. त्यांचं मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. ते गेले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी शोकसभा ठेवली, मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी गेले नाही. लोक म्हणाले, सुनंदाबाई कृतघ्न. म्हणोत.

शेड झाली. बारा लूम भिंतीपलीकडे सुरू झाले तशी अभ्यासिकेची ट्यूबलाइटसुद्धा थरथरायला लागली. मी पास झाले, मराठीत शाळेत पहिली. बोर्डाच्या पेपरात यंत्रांचाच विषय आला होता, सरांचा अंदाज बरोबर निघाला. मी दोन्ही बाजू लिहिल्या, सगळं लिहिलं, फक्त घरातला दाखला लिहिला नाही. निमा दोन वर्षांनी दहावीला बसली. नापास. पुन्हा बसली, पुन्हा नापास. मग आईच्या शेजारी दुसरं कांडीचं मशीन आलं. निमाला ती गोष्ट कधीच कळली नाही, ती अजून म्हणते, "माझ्या डोक्यातच नव्हतं गं शिक्षण." मी तिला कधी सांगितलं नाही. हे छापलं गेलं तर वाचेल, आणि मग काय म्हणेल, मला माहीत नाही.

मी तीस वर्षं पोरांना निबंध शिकवला. उलटी बाजूही लिहून घेतली, कारण त्याच्याशिवाय पोराला बाजू मांडता येत नाही, हे सरांचं खरंच होतं. पण वही तपासली की त्याच दिवशी पोराच्या हातात द्यायची. कुणाचं एक पान मी कधी ठेवून घेतलं नाही. आणि दाखला घरातला हवा म्हटलं तर आधी विचारायचे, घरी विचारलंस का?

आईनं मला शिक्षा केली नाही, टाकून बोलली नाही. जेवायला वाढत होती, डोक्याला तेल लावत होती. फक्त एक झालं. माझ्या हातात पेन असलं की ती गप्प बसायची. खालाशी हसत-खिदळत असायची, मी वही काढली की बोलणं तिथंच थांबायचं. कुणाचं लग्न, कुणाची भानगड, मध्येच तोडायची आणि म्हणायची, चहा ठेवते. मला वाटायचं, जाईल हे चार दिवसांत. नाही गेलं.

आता ती ऐंशीच्या पुढे आहे, माझ्याकडेच असते. इथं लूम नाहीत. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे माझा मोठा आवाज अखेर कुणाच्या तरी उपयोगाला आला. हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा मला तिचे ते शुक्रवारचे शब्द नेमके हवे होते. मी वर लिहिलेत ते बरोबर आहेत की इतक्या वर्षांत मीच सजवलेत, याची खात्री वाटेना. तिला विचारलं, "आई, शुक्रवारी डोळा लागत न्हाय म्हणालीस, त्याच्यापुढे काय म्हणाली होतीस गं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे. "मला न्हाय आठवत," म्हणाली. ती, जिला गल्लीतल्या प्रत्येक बारशाचा बेत आठवतो!

मग तीच म्हणाली, "आधी पेन खाली ठेव."

मी ठेवलं. टोपण लावलं, वही मिटली, बाजूला सारली. तिनं वही नीट बंद आहे ना ते वाकून पाहिलं. मग तिनं सांगितलं, सगळं, अगदी शेवटपर्यंत. मी वर लिहिलंय त्याच्यापेक्षा ते पुष्कळ जास्त होतं. ते मी इथं लिहिणार नाही.